खांद्यावरचा आकडा

पन्नास वर्षं मी रंगमंचावर उभा राहिलो. वाक्य विसरलो आहे, मुकुट पहिल्या रांगेतल्या बाईंच्या मांडीवर पडला आहे, एकदा तर सिंहासनासकट खाली कोसळलो आहे. तेव्हाही भीती वाटायची, पण ती पडदा पडेपर्यंतची. माझी खरी पाचावर धारण बसली ती या निवासात आल्यावर, सकाळी सव्वाआठच्या सुमारास, चार नंबरच्या खोलीत. कारण काय, तर एक आकडा. मुंगीएवढा. तो जिथे बसायला हवा होता तिथून खाली उतरला, आणि त्यापायी आमचा एक माणूस जायची वेळ आली.

आकडा ताईने बसवला होता आणि ताईनेच उतरवला. म्हणून आधी ताईबद्दल सांगतो.

आमच्या नाटक कंपनीत ती प्रॉम्प्टर होती. उजव्या विंगेत एका बुटक्या स्टुलावर बसायची, मांडीवर नाटकाची प्रत, हातात बोटभर लांबीचा टॉर्च. नट अडकला की त्याचं पुढचं वाक्य विंगेतून असं पुरवायची, की ते त्याच्या कानात शिरावं आणि शेजारच्या नटाला पत्ता लागू नये. म्हणून तिचं नाव पडलं कुजबुजताई. आता आम्ही नुसतं ताई म्हणतो. टाळ्या आम्ही घेतल्या. पण त्या टाळ्यांतल्या निम्म्या तिच्या स्टुलाच्या होत्या, हे मी आज छाती ठोकून सांगतो. तेव्हाच सांगायला हवं होतं.

नाटकाच्या प्रती टाइप करायचं कामही तिचंच. तिची एक पद्धत होती. एखाद्या शब्दाला नटाने काही करायचं असेल, म्हणजे पेला उचलायचा, वळायचं, तर ती टाइपरायटरचा रोलर अर्धा दात फिरवायची आणि त्या शब्दाच्या खांद्यावर एक आकडा ठोकायची. पानाच्या तळाशी त्या आकड्यापुढे सूचना लिहिलेली असायची. ‘१ – पेला डाव्या हातात.’ ‘२ – इथे घाई नको.’ खांद्यावर आकडा दिसला की तळाशी बघायचं. आम्हां सगळ्यांच्या डोळ्यांना ती सवय लागली होती. दुसऱ्या कंपनीत गेलो तेव्हा मला त्यांच्या प्रती बोडक्या वाटायच्या.

सहा वर्षांपूर्वी तिच्या घशाचं ऑपरेशन झालं. आवाज गेला. डॉक्टर ओशाळून म्हणाले, “फक्त कुजबुज उरेल.” तर ही कुजबुजली, “मग माझं गेलं काय?”

उतारवयातल्या कलावंतांसाठी असलेल्या या निवासात ती आली ती असा आवाज आणि तो टॉर्च घेऊन. इथे मधोमध एक लांब बोळ आहे, दोन्ही बाजूंना खोल्या, बोळाच्या एका टोकाला ऑफिस, दुसऱ्या टोकाला चार नंबर. व्यवस्थापकांना कळलं की हिला टायपिंग येतं. त्यांनी आम्हां सगळ्यांच्या औषधांचा तक्ता तिच्या हवाली केला. कोणाला काय, किती, कधी. तक्ता ऑनलाइन होता. ताई ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर लिहिणार आणि सिस्टर तोच तक्ता आपल्या टॅबवर बघणार.

पहिल्याच दिवशी ताईने विचारलं, “रोलर कुठे फिरवायचा?”

व्यवस्थापक हसले. म्हणाले, “आकडा निवडा, वर ‘फॉरमॅट’, त्यात ‘टेक्स्ट’, त्यात ‘सुपरस्क्रिप्ट’.”

“एवढ्या वेळात माझा नट मरून पडला असता.”

मग त्यांनी जवळची वाट दाखवली. आकडा निवडायचा आणि कंट्रोल व पूर्णविराम या दोन कळा एकदम दाबायच्या. तिने दाबल्या. आकडा टुणकन उडी मारून शब्दाच्या खांद्यावर जाऊन बसला, आणि बसता बसता बारीकही झाला. ताई मला बोलवायला खोलीपर्यंत आली. “राजे, बघायला चला. हा स्वतःहून अंग चोरून बसतो!” (मी सगळे राजेच केले, म्हणून मी राजे. प्रधानसुद्धा कोणी दिला नाही.)

झालं. औषधांच्या तक्त्यात आकडे खांद्यांवर बसले. ‘१’ म्हणजे पाण्यातून, ‘२’ म्हणजे जेवणानंतर, ‘३’ म्हणजे दुधाबरोबर. आमची जुनी सिस्टर महिन्याभरात या पद्धतीला सरावली. तिला तसाही सगळा तक्ता तोंडपाठ होता.

आता चार नंबरच्या खोलीतला माणूस. त्याला आम्ही दुष्टोबा म्हणतो. कंपनीत तीस वर्षं खलनायक. प्रत्यक्षात इतका मऊ माणूस, की झुरळ दिसलं तर ते जाईपर्यंत पाय वर घेऊन बसेल. आमच्या सगळ्यांत गाजलेल्या नाटकात तिसऱ्या अंकाच्या शेवटी तो विषाचा पेला पिऊन मरायचा. पेला हातात घेऊन प्रेक्षकांकडे बघत उभा राहायचा, आणि नेमकं किती वेळ उभं राहायचं ते ताई ठरवायची. सभागृह पुरतं गप्प झालं की ती विंगेतून कुजबुजायची, “आता.” की हा प्यायचा. एवढे प्रयोग झाले, पण त्या ‘आता’शिवाय त्याने पेला ओठांना लावला नाही.

गेल्या दोन वर्षांत त्याच्या डोक्यातून खूप काही पुसलं गेलं. बायकोचं नाव गेलं, मुलाचा चेहरा गेला. ते ‘आता’ मात्र राहिलं. सिस्टरने औषधाचा ग्लास हातात दिला की हा धरून बसतो. दारातून ताई कुजबुजते, “आता,” की पितो. रोज.

त्याला हातांच्या थरथरीसाठी थेंब आहेत. सकाळी दोन, पाण्यातून. डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं, “दोनाचे तीन झाले तरी मला फोन करा.” मागच्या वर्षी चुकून पाच गेले होते. तो दोन दिवस डोळे उघडत नव्हता आणि ताई दोन दिवस त्या खोलीच्या उंबऱ्यावरून हलत नव्हती.

तर तक्त्यात त्याच्या नावापुढे ‘२’, आणि त्या दोनाच्या खांद्यावर बारीक ‘१’.

जुनी सिस्टर मुलीच्या बाळंतपणासाठी रजेवर गेली. नवी सिस्टर येणार म्हणून आदल्या दिवशी दुपारी ताई तक्ता नीटनेटका करायला बसली. कुठे अक्षर लहान, कुठे मोठं, कुठे ठळक. तिला ते बघवेना. तिने सगळा तक्ता निवडला आणि वरचं ‘फॉरमॅटिंग काढा’ दाबलं. मग सगळी अक्षरं एकदम मोठी केली. काय सुंदर दिसायला लागला! एका रांगेत, एका उंचीचा, समूहनृत्यातल्या मुलींसारखा. ताई खूश होऊन चहाला गेली.

त्या एका बटणाने अक्षरांचा गबाळेपणा गेला आणि त्याबरोबर सगळे आकडे खांद्यांवरून खाली उतरले. उतरून आपल्या शेजाऱ्याला खेटून, त्याच्याच उंचीचे होऊन उभे राहिले. दुष्टोबाच्या नावापुढे आता ‘२१’ होतं.

सकाळी नवी सिस्टर आली. तरतरीत, केस घट्ट बांधलेले, बुटांचा आवाज टकटक. ताई ऑफिसात गेली होती, नव्या सिस्टरसाठी तक्त्याची एक छापील प्रत काढायला. मला दिसलं की चार नंबरच्या दारात कोणी नाही. म्हटलं, आज आपण मदत करू. मी गेलो.

खोलीत दाराजवळ एक पडदा आहे, छताच्या दांडीवर कड्यांनी अडकवलेला. पलीकडे खिडकीशी दुष्टोबा खुर्चीत बसला होता. सिस्टर टॅबवर बघून पाण्याच्या ग्लासात थेंब टाकत होती. मोठ्याने मोजत होती.

“सतरा, अठरा, एकोणीस, वीस, एकवीस.”

मी ते कानांनी ऐकलं. मला वाटलं, किती काळजीने मोजते ही बाई! एवढंच वाटलं. त्याचे थेंब दोन, हे मला माहीत होतं हो. वर्षभर ऐकत होतो. पण मी त्या वेळी केस नीट करत होतो, कारण खोलीत नवा प्रेक्षक होता. या माझ्या केसांचं मी काय करू, ते मला अजून कळलेलं नाही.

सिस्टरने ग्लास त्याच्या हातात दिला. “घ्या आजोबा.”

दुष्टोबाने ग्लास छातीपाशी धरला आणि समोर बघत राहिला.

“आजोबा, प्या ना. कडू नाहीये.”

“तो असा नाही प्यायचा,” मी म्हणालो. “त्याला क्यू लागतो.”

“काय लागतं?”

मी तिला सगळं समजावलं. ती कपाळाला हात लावून म्हणाली, “ही पहिलीच खोली, अजून अकरा आहेत, काका. तुम्हीच काय ते करा.”

मी पडद्याच्या चुणीमागे गेलो. विंगेत असल्यासारखा उभा राहिलो, श्वास घेतला आणि कुजबुजलो, “आता!”

दुष्टोबाने मान वळवली. “कोण ओरडतंय?”

सिस्टर हसायला लागली. “अहो काका, खाली गेटवर ऐकू गेलं असेल.”

आता मी काय सांगू? आयुष्यभर माझी कुजबुजही शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायला शिकलो. एकालाच ऐकू जाईल असं बोलणं मला कोणी शिकवलं नाही.

त्याच वेळी सिस्टरचा फोन वाजला. पडद्याच्या अलीकडे दाराशी येऊन तिने तो कानाला लावला. “हॅलो? हॅलो, कोण बोलतंय? काही ऐकू येत नाहीये.” मग फोन बंद करून मला म्हणाली, “कोणीतरी नुसतं फुंकर मारतंय.”

ती ताई होती.

ऑफिसात काय झालं ते तिने नंतर सांगितलं. छापील प्रत हातात आल्यावर तिची नजर पहिल्यांदा स्वतःच्या नावावर गेली. तिची हाडांची गोळी रोज एक, दुधाबरोबर. तिथे छापलं होतं ‘१३ गोळी’. ती खुदकन हसली. म्हणाली, तेरा गोळ्या खाल्ल्या तर जेवायला नको. आणि हसता हसता थांबली. बोट खाली खाली सरकवत ती दुष्टोबाच्या नावापाशी आली.

२१.

ती म्हणाली, “राजे, मला त्या आकड्यात तो आडवा पडलेला दिसला.”

आधी ती कीबोर्डवर झेपावली. ‘१’ निवडला, कंट्रोल, पूर्णविराम. आकडा गुपचूप वर जाऊन बसला. सिस्टरच्या टॅबवरही बसला असणार. पण ग्लासात पडलेले थेंब बाटलीत परत जात नाहीत. मग तिने भिंतीवरच्या कागदावरून सिस्टरचा नंबर लावला, जीव खाऊन ओरडली, आणि पलीकडे फुंकर ऐकू गेली. व्यवस्थापक अजून यायचे होते. ताई बोळातून निघाली.

आमचा तो बोळ. मी तो रोज काठीने मोजतो, शंभरावर सहा पावलं. तिचा गुडघा वाकत नाही. एक चप्पल स्वयंपाकघरापाशी निघाली ती तिथेच राहिली. वाटेत दोघांनी विचारलं, “ताई, एवढ्या घाईने कुठे?” तिने तोंड उघडलं, पण पंख्याच्या आवाजापुढे तिची कुजबुज कोणाला कळणार? त्यांनी मान डोलावली आणि आपल्या वाटेने गेले.

इकडे मी हट्टाला पेटलो होतो. सिस्टर हसली होती ना! मी पुन्हा पडद्यामागे गेलो. या वेळी पोटातली हवा सोडली, ओठ अर्धे मिटले आणि ताई कशी म्हणायची ते आठवून हलकेच म्हणालो, “आता.”

जमलं. देवा, नेमकं तेव्हाच जमलं!

दुष्टोबाची पाठ ताठ झाली. त्याच्या चेहऱ्यावर तो जुना भाव आला, सभागृह गप्प करणारा. ग्लास छातीपासून वर निघाला. हनुवटीपर्यंत आला आणि थांबला. त्याने कान टवकारले, कारण आवाज जवळजवळ तिचा होता. अगदी तिचा नव्हता. तो दुसऱ्यांदा ऐकायला थांबला होता. एकदा खात्री झाली की पिणार होता.

मी पुन्हा म्हणायला तोंड उघडलं, आणि दारात ताई दिसली.

केस सुटलेले, एक पाय अनवाणी, छाती भात्यासारखी हलत होती. मला वाटलं हिला झटका आला. तिने माझ्याकडे बघून तोंड उघडलं, आणि पुढच्याच क्षणी दोन्ही हातांनी ते घट्ट दाबून धरलं. त्या हातांवरचे तिचे डोळे मी कधी विसरणार नाही. तिच्याकडे जगात एकच आवाज उरला होता. ती काहीही म्हणाली असती, ‘नको’ म्हणाली असती, ‘थांब’ म्हणाली असती, तरी त्या कानाला दारातून आलेली तिची कुजबुज म्हणजे ‘आता’. तो शब्द ऐकत नव्हता. तो तिला ऐकत होता.

त्या क्षणी मला एकवीस आठवले. सिस्टरचं मोजणं आठवलं. ओरडायला गेलो तर घशातून हवासुद्धा निघेना. पन्नास वर्षं शेवटच्या रांगेपर्यंत पोचलेला माझा आवाज त्या आठ फुटांत पोचला नाही.

ग्लास ओठांना लागला.

ताईने एक हात तोंडावरून काढला, पडद्याची कड धरली आणि सगळं अंग टाकून तो ओढला. दांडीवरच्या कड्या किंचाळल्या. मी चुणीमागे उभा होतो तो उघडा पडलो आणि पडदा माझ्यापुढून सर्रकन जाऊन भिंतीला लागला. दुष्टोबा पलीकडे गेला. आम्ही तिघं अलीकडे.

आमच्या कंपनीत एक नियम होता. पडदा पडला की हातातली वस्तू तत्काळ टेबलावर ठेवायची. पिणं अर्धं असो, मरणं अर्धं असो. वस्तूंची जबाबदारीही ताईकडेच होती, आणि या नियमावरून तिने मोठमोठ्या नटांना फैलावर घेतलं होतं. दुष्टोबाला तर सर्वांत जास्त.

आम्ही ऐकत उभे राहिलो. पलीकडे काहीच आवाज नव्हता. घोट गिळल्याचा नाही, श्वासाचा नाही. सिस्टर विचारायला लागली, “अहो, चाललंय का—” आणि ताईने तिच्या मनगटाला असं धरलं की ती गप्प झाली.

मग पलीकडे लाकडावर काच टेकली. टक्.

पाठोपाठ दुष्टोबाचा नाराज आवाज आला. “एवढ्यात पडदा? अहो, अजून मी मेलो कुठे होतो?”

ताई भिंतीला टेकून खाली बसली. सिस्टर आत धावली. ग्लास भरलेलाच होता. ताईने तिला जवळ ओढून कानात सगळं सांगितलं. सिस्टरने टॅब बघितला. त्यावर आता ‘२’ होतं आणि वर एक बारीक ‘१’. तिने जाऊन ग्लास बेसिनमध्ये रिकामा केला. “मी मोजले ताई,” ती म्हणत राहिली. “मी नीट मोजले.”

“नीटच मोजलेस,” ताई कुजबुजली. “मीच चुकीचं लिहिलं होतं.”

व्यवस्थापक आले तेव्हा ताईने स्वतः जाऊन सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. माझं नाव मात्र गाळलं. ते मी पुढे होऊन सांगितलं. डॉक्टरांनी फोनवर सगळं पुन्हा विचारून घेतलं. मग म्हणाले, “दुपारी दोन थेंब द्या. आणि तो तक्ता बदला.” तक्ता बदलला. आता आकडा अक्षरात लिहितात, ‘दोन थेंब’, आणि ‘पाण्यातून’ वेगळ्या रकान्यात. सिस्टर मोजलेलं औषध दुसऱ्या माणसाला दाखवल्याशिवाय हातात देत नाही. कोणाच्याही खांद्यावर काही नाही.

त्या दुपारी सिस्टरने दोन थेंब टाकले. मी मोजले, ताईने मोजले, सिस्टरने पुन्हा मोजले. ग्लास दुष्टोबाच्या हातात गेला. तो छातीपाशी धरून बसला. ताई दारात उभी होती.

ती काही बोलेना.

मी तिच्याकडे बघितलं. ओठ हलत होते, आवाज नव्हता. चौकट धरलेली बोटं पांढरी पडली होती. हजारो वेळा म्हटलेला तो शब्द तिला म्हणता येत नव्हता. आम्ही कोणी तिला ‘म्हण’ म्हणालो नाही. आमचीही तीच गत होती.

दुष्टोबाने बराच वेळ वाट बघितली. मग मान जराशी दाराकडे कलवली आणि ओठ न हलवता, विंगेत जाईल एवढ्याच आवाजात म्हणाला, “ताई, तुमचं वाक्य.”

ताईने डोळे मिटले. “आता.”

तो प्यायला. ग्लास ठेवला. खुर्चीत मागे रेलला, मान एका बाजूला टाकली आणि तिसऱ्या अंकात मरायचा तसा मेला.

आम्ही तिघं जागचे हललो नाही. त्याच्या सदऱ्याची दोन नंबरची गुंडी वरखाली होते की नाही, तिच्यावर नजर लावून उभे राहिलो. पाच मिनिटं गेली असतील, दहा गेली असतील. गुंडी हलत होती. तरी कोणाचा पाय निघेना.

शेवटी त्याने एक डोळा किलकिला केला.

“जा ना आता,” तो म्हणाला. “प्रेक्षक उठल्याशिवाय मला उठता येत नाही.”